चोपन्नचं तोंड

बायको गेल्यापासून मला घरात बसवत नाही. बसलो की उठतो. उठलो की कुठं जायचं होतं तेच आठवत नाही. सून म्हणते, "बाबा, जरा टेका." टेकून काय करू? छत बघू? हे लिहितोय तेसुद्धा मध्ये मध्ये उठून, गॅलरीत एक फेरी मारून. शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळं अक्षर वाकडं जाईल आणि वाक्यंही. जाऊ देत.

परवाच्या रविवारी पाय नेतील तिकडं गेलो, तर दादरला समुद्राच्या बाजूला जुन्या मोटारींचे शौकीन जमले होते. पोरं चांगली शिकलेली, सगळ्यांच्या अंगात एकसारखे सदरे. मध्ये दोन पिकप उभ्या. हल्ली कुणाला ती जात माहीत नसेल म्हणून सांगतो. ट्रकसारखं थोबाड नाही. पुढून साहेबाची मोटार, तेच बॉनेट, तीच गुबगुबीत सीट, आणि मागं डिकीच्या जागी माल टाकायला उघडा हौदा. पोरं त्या दोघींभोवती फिरून भांडत होती. ही ह्या सालची बरी, ती त्या सालची बरी. हिचा दिवा बघ, तिचं दार बघ. एकाच्या तर गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, ह्याच भांडणापायी माझं लग्न मोडत होतं." एकानं हसून बघितलं आणि गोड आवाजात म्हणाला, "काका, गाडीला टेकू नका हं, रंग नवीन आहे."

नाही टेकलो. घरी आलो. ही गोष्ट ऐकून जी खदखदून हसली असती ती घरात नव्हती. म्हणून कागद घेतला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. मी लालबागला एका मंडपवाल्या शेठकडं ड्रायव्हर होतो आणि मामाच्या खोलीत राहायचो. वासे, कनाती, खुर्च्या, सभेचे कर्णे, सगळं वाहायचो. आधी कामं लग्नामुंजीची असायची. चळवळ पेटल्यावर रोज संध्याकाळी सभा. आज गिरगाव, उद्या परळ, परवा नायगाव. मंडप बांधायलासुद्धा सवड नसायची. गाडी नाक्यावर लावायची, हौद्याचा फाळका खाली पाडायचा, कर्णा बांधायचा, झाली सभा. वक्ता हौद्यात उभा, आम्ही सीटवर.

शेठच्या दोन पिकप होत्या. कंपनी एकच, विलायती. साल वेगळं. एक एक्कावन्नची, एक चोपन्नची. चोपन्नची माझ्याकडं. एक्कावन्नची ज्याच्याकडं होती तो पुढं माझा सासरा झाला, पण तेव्हा तो माझं तोंड बघायला तयार नव्हता.

आम्ही ड्रायव्हर लोक एकमेकांना गाडीच्या सालानं हाक मारायचो. सासरा एक्कावन्न. मी चोपन्न. गिरगावातल्या एका बेकरीचे पाव वाहायचा तो त्रेपन्न, आणि शीव कोळीवाड्याचा मासळीवाला एकोणपन्नास. रविवारी सकाळी परळला गिरणीच्या भिंतीच्या सावलीत गाड्या लावायच्या, धुवायच्या आणि मग चहा मागवून भांडायचं. गाडी शेठची, मिजास आमची. आमच्यातल्या एकाच्याही नावावर सायकल नव्हती.

"काय रे चोपन्न, तोंडाला आज पावडर लावलीस काय गाडीच्या?" एकोणपन्नास विचारायचा.

"तुझ्या गाडीचा वास येतोय तो आधी धू."

"वास हाय म्हणून पोलीस लांब राहतो. तुझ्याकडं बघ, सगळे हात लावून बघतात."

आणि खरंच बघायचे. चोपन्नची मुंबईत फार आली नव्हती. आमच्यात तर माझी एकटी. रुंद चकचकीत जाळी, बसकं बॉनेट, दिवे मडगार्डात रुतलेले. एक्कावन्नचं तोंड तिच्यापुढं म्हाताऱ्या हेडमास्तरसारखं. मी पंचविशीचा. डोक्यात हवा. मी म्हणायचो, चोपन्नचे पाटे लांब, म्हणून गाडी पाळण्यासारखी चालते. पाटे म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानी, खड्ड्याचा धक्का खातात त्या. एक्कावन्नमध्ये बसलं की जेवण घशाशी येतं, असंही म्हणायचो. सासऱ्याच्या तोंडावर म्हणायचो.

तो मालवणकडचा, आमच्याच बाजूचा. चिडला की मुंबईची भाषा टाकून द्यायचा. "मेल्या, ह्या माझ्या हौद्यार उभे रवान लोक महाराष्ट्र मागतत! तुझ्या गाडयेर काय चढता? कनाती!"

ह्यावर सगळे हसायचे आणि मला बोलायला जागा राहायची नाही, कारण ते खरं होतं. हौदे इथंच बांधून घेतलेले. त्याचा सपाट, ऐसपैस. सहा माणसं उभी राहिली तरी हलायचा नाही. माझ्या हौद्यात दोन्हीकडं चाकांची कुबडं वर आलेली. वक्त्याचा पाय अडकायचा. चळवळीची माणसं आली की विचारायची, "एक्कावन्न मोकळी आहे का?" मग म्हातारा माझ्याकडं बघत मिशीवरून हात फिरवायचा.

त्याची मुलगी लालबागला मिरचीच्या डंकावर देठं काढायला जायची. मसाला कुटायची गिरणी ती. दुपारी बापाचा डबा घेऊन आमच्या गोदामावर यायची. बापाला पाव तास लागायचा जेवायला. तेवढा वेळ ती दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभी राहायची, मिरचीनं जळजळणारे हात गार पत्र्याला लावून. एकदा माझ्या बॉनेटला लावले. मी म्हटलं, "पुसायला लागेल मला."

"पुसा. तुम्हाला दुसरं काम काय असतं? दिवसभर पुसताच की."

झालं. त्या वर्षी मामीचा मसाला मी गरज नसताना दोनदा कुटून आणला. मामी म्हणाली, "एवढा मसाला खाणार कोण?" मामा म्हणाला, "मसाला नाय खायचा त्याला." मामानंच मग एके दिवशी म्हाताऱ्याकडं शब्द टाकला. म्हातारा म्हणाला, पोरगा कामाला बरा आहे, पण जीभ लांब आहे. बघू. नाही म्हणाला नाही. त्या 'बघू'वर मी चार महिने काढले. रोज सकाळी त्याचा चेहरा बघायचो, आज बोलेल, उद्या बोलेल. तो गाडीचं पाणी भरायचा आणि निघून जायचा.

आणि मग शेठनं घोळ घातला.

तेव्हा बाहेरून पार्ट यायचे बंद झाल्यासारखेच होते. जो यायचा तो चोरबाजारातून. शेठ म्हणायचा, दोन गाड्या, दोन सालं, म्हणजे पाटे दोन तऱ्हेचे, क्लच प्लेट दोन तऱ्हेची, सगळं दोन दोन करून ठेवायचं आणि वेळेला एकही सापडत नाही. त्यात चोपन्नचे पार्ट माझ्या गाडीला कधी सरळ बसायचे नाहीत. शेठचा मिस्त्री कानस मारमारून बसवायचा, शिव्या घालायचा. "विलायतेत पण आता काम बिघडलं," म्हणायचा. आम्ही पण माना डोलवायचो. एका संध्याकाळी शेठनं आम्हा दोघांना बोलावलं.

"एक गाडी काढतो. एकच साल ठेवणार. ज्याची गाडी जाईल त्यानं दुसरीकडं बघायचं. मला काम नाही तर मी ड्रायव्हर काय शोभेला ठेवू?"

"कुठली काढताय?" मी विचारलं.

"ते तुम्ही सांगा. दर रविवारी भिंतीखाली भांडता ना? ह्या रविवारी भांडून निकाल लावा. मी येतो ऐकायला."

म्हातारा वळला. टोपी घातली आणि चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी मिरचीच्या डंकावर गेलो. ती पायरीवर बसली होती, मांडीवर सूप, डोळे लाल. मिरचीनं की रडून, कळायला मार्ग नव्हता.

"बाबा म्हणतात गाडी गेली तर ह्या वयात दुसरीकडं हात पसरायचा नाही. सगळ्यांनी गावाला जायचं," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी काय इथं डंकावर राहू? गावाला एक स्थळ पण बघून ठेवलंय आत्यानं. आंब्याची कलमं आहेत म्हणे."

"मग मी हरतो. सांगतो एक्कावन्नची बरी."

तिनं एक मिरची मोडली. "हरा. मग तुम्ही बेकार. बेकार माणसाला बाबा मुलगी देतील? मागच्या दोघांना ह्याच कारणानं परत पाठवलंय."

"म्हणजे जिंकलो तर तू गावाला. हरलो तर मी रस्त्यावर."

"दोन वर्षं नुसती तोंडाची वाफ घालवलीत. 'चोपन्नची अशी, चोपन्नची तशी.' घ्या आता."

तो आठवडा मी कसा काढला माझं मला माहीत. रोज सभा होत्या. मी कर्णा उलटा बांधायचो. एकदा गाडी चालू ठेवून उतरलो आणि मागं वळून बघतो तर गाडी हळूहळू पुढं चाललेली. रात्री झोप नाही. लालबागवरून चालत दादरला जायचो, तिथून माटुंग्यापर्यंत, परत यायचो. लोकांच्या तोंडी एकच, मुंबई मिळणार की नाही. मी पण झालाच पाहिजे म्हणून ओरडायचो, पोटातून ओरडायचो, पण खरं सांगू? त्या आठवड्यात मला मुंबईत एकच माणूस राहायला हवं होतं.

रविवारी सकाळी भिंतीखाली दोन्ही गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या केल्या. शेठ खुर्ची घेऊन आला. आपल्याच मंडपाची खुर्ची. मिस्त्री आला. त्रेपन्न आणि एकोणपन्नास पंच झाले. त्रेपन्ननं बॉनेटवर काड्यापेटी ठेवली. एकेका गोष्टीचा निकाल लागला की जिंकेल त्या गाडीच्या बॉनेटवर एक काडी.

"आधी दिसायला," त्रेपन्न म्हणाला.

"दिसण्याचा काय संबंध? लग्न लावायचंय काय?" एकोणपन्नास म्हणाला. म्हातारा खाकरला. मी खाली बघितलं.

दिसायला चोपन्न. एक काडी. हौद्याला एक्कावन्न. पहिल्या झटक्यात चालू होण्यात एक्कावन्न, माझी थंडीत कुरकुरायची. ब्रेकला चोपन्न. चढाला कोण, ह्यावर अर्धा तास गेला. म्हातारा म्हणाला, लाठी सुरू झाली तेव्हा हौद्यात दहा माणसं आणि कर्णा घेऊन मी गल्लीतला चढ दुसऱ्या गियरवर काढला. त्रेपन्न म्हणाला, "मागं पोलीस असले की माझी पावाची गाडी पण घाट चढेल." तरी काडी एक्कावन्नला. मग वळवायला चोपन्न. बरोबरी झाली. तीन आणि तीन.

"राहिले पाटे," एकोणपन्नास म्हणाला.

पाट्यांचा निकाल सगळ्यांना ठाऊक होता. चोपन्नचे पाटे एक्कावन्नपेक्षा हातभर लांब, हे मीच दोन वर्षं ओरडून सगळ्यांना पाठ करून दिलं होतं. लांब तेवढे मऊ. काडी माझी. म्हाताऱ्यानं फडकं झटकलं आणि आपल्या गाडीचं दार पुसायला लागला. स्वच्छच होतं ते दार. बॉनेट पुसलं, आरसा पुसला, परत दार. त्याला असं बघवत नव्हतं मला.

"मोजायचं काय त्यात, दिसतंच आहे," शेठ उठत म्हणाला.

"मोजा," म्हातारा पाठ न वळवता म्हणाला. "मोजल्याबगर नाय."

मिस्त्रीनं सुतळी दिली. आधी एक्कावन्नच्या खाली गेलो. मागच्या पाट्याला सुतळी लावली, टोकाला गाठ मारली. मग माझ्या गाडीखाली. पाठीखाली गार दगड, नाकावर चिखल. एक टोक लावलं, सुतळी ताणली. गाठ बरोबर दुसऱ्या टोकावर आली.

वाटलं चुकलं. परत लावली. गाठ तिथंच. दुसऱ्या बाजूचा पाटा मोजला. गाठ तिथंच.

वरून एकोणपन्नास ओरडला, "झोपलास काय रे?"

मी सरपटत पुढं गेलो. बॉनेटच्या मागं, जिथं पुढचं मडगार्ड बॉडीला मिळतं, तिथला चिखल नखानं काढला. आत जोड होता. जाडजूड वेल्डिंगचा, इथल्याच कुठल्यातरी गल्लीत मारलेला. जोडाच्या पुढं एक रंग, मागं दुसरा. दिवे, जाळी, बॉनेट, सगळं तोंडच्या तोंड कापून दुसरं चिकटवलेलं. पहिल्या मालकानं कुठंतरी ठोकली असणार आणि मिळालं ते तोंड लावून घेतलं असणार. धड एक्कावन्न-बावन्नचं. तोंड तेवढं चोपन्नचं.

 बाहेर आलो की हे लोक मरेपर्यंत माझी चेष्टा करणार, हे आधी डोक्यात आलं. मग दुसरं काहीच आलं नाही. मी तिथूनच ओरडलो, "अहो, ही चोपन्नची नाहीच! ही एक्कावन्नच आहे!"

 मग सगळे गुडघ्यावर. शेठपण, धोतर सावरत. मिस्त्री जोडाला बोट लावून बघत राहिला.

"कानस मारून मारून माझे हात गेले," तो म्हणाला. "पार्ट बसत नव्हते ते ह्यामुळं होय!"

"दोन वर्षं तुला कळलं नाही?" शेठ त्याच्यावर खेकसला.

"तोंड चोपन्नचं होतं, शेठ. मी चोपन्नचाच पार्ट आणणार ना?"

त्रेपन्न रस्त्यावर बसून हसत होता. "आरं, पाळण्यासारखी चालते म्हणं! पाळणा एकच, बाळं दोन!"

शेठनं मात्र हसण्यात वेळ घालवला नाही. धंद्याचा माणूस. "म्हणजे दोन्हींना पार्ट एकच लागणार?"

"एकच," मिस्त्री म्हणाला. "पाटा, प्लेट, सगळं. एकीचं दुसरीला."

"मग मी गाडी कशाला विकू?" शेठ म्हणाला, आणि स्वतःची खुर्ची स्वतः उचलून चालता झाला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला.

 म्हातारा माझ्याजवळ आला. मला वाटलं आता दोन वर्षांचं सगळं उट्टं काढणार. माझ्या कपाळावरचा चिखल त्यानं त्याच फडक्यानं पुसला, गाडी पुसावी तसा, जोरात.

"दोन वर्षां माझ्या गाडयेक नावां ठेवलंस," तो म्हणाला, "ती सगळी तुझ्याच गाडयेक लागली." मग जरा थांबून, "येत्या रविवारी पोह्याक ये. मामाक घेवन ये. ह्या थोबाड घेवन एकटो येव नको."

त्या दिवसापासून भिंतीखाली माझं नाव बदललं. कुणी साडेबावन्न म्हणायचं, कुणी मुखवटा. लग्नानंतर घरातसुद्धा मी जरा शहाणपणा करायला लागलो की बायको चूल फुंकता फुंकता म्हणायची, "पाटे मोजू का?" माझं बोलणं तिथंच संपायचं. गेल्या दिवाळीतसुद्धा म्हणाली होती. आवाज राहिला नव्हता तिच्यात, तरी म्हणाली.

उठून आलो परत. पाणी प्यायलो. थोडंच राहिलंय.

पाटे मोजले त्याच रविवारी संध्याकाळी मला खोलीत राहवेना, म्हणून म्हाताऱ्याच्या चाळीकडं गेलो. नुसतं खालून बघावं म्हणून. गावाला जायचं जवळजवळ नक्की धरून तिच्या आईनं जड सामान आधीच शेजारपाजारी वाटून टाकलं होतं. आता ती दारोदार फिरून परत मागत होती. शेजारणी काही गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "काय गो, एकदा दिलेला परत घेतंस?" असं वरून खालपर्यंत चाललं होतं. तळमजल्याच्या एका दारातून म्हाताऱ्याची मुलगी बाहेर आली. वाटण वाटायचा दगडी रगडा दोन्ही हातांत, पोटाशी धरलेला. मला बघून जिन्याच्या पायथ्याशी थांबली. इकडंतिकडं बघितलं.

"नुसते बघताय काय? धरा की."

मी धरला. जड होता. नारळाचा आणि मिरचीचा वास दगडात मुरलेला. ती पुढं, मी मागं, असे आम्ही जिना चढायला लागलो. दारादारांत बायका उभ्या. सगळ्या बघत होत्या, आणि ती काही भरभर चालत नव्हती. दुसऱ्या मजल्यावर माझा श्वास चढला. मी पायरीवर जरा थांबलो.

"दमलात?" तिनं मागं वळून विचारलं.

"नाही."

"मग चला. थांबलात कशाला?"